विश्लेषण : वीज नेमक्या स्नायूपर्यंत नेणारे डॉ. ड्युशेन

नसांना विजेची सौम्य स्पंदने देऊन आजार आटोक्यात आणणाऱ्या जैवइलेक्ट्रॉनिक वैद्यकापुढे आज मोठा पेच आहे तो नेमकेपणाचा. वीज हव्या त्याच तंतूंना मिळावी, शेजारच्यांना नको. एकोणिसाव्या शतकात याच पेचाशी झुंजलेले फ्रेंच डॉक्टर म्हणजे गियोम ड्युशेन.

ड्युशेन कोण होते?

जन्म १८०६चा, बुलोन-सुर-मेर या बंदरातला. घराणे दर्यावर्दी, मुलगा मात्र पॅरिसला वैद्यक शिकला आणि गावी परतून रुग्ण तपासू लागला. पहिल्याच बाळंतपणानंतर पत्नी गेली, मुलगाही दुरावला. १८४२ मध्ये ते पॅरिसला आले. रुग्णालयात कायमचे पद त्यांना कधीच मिळाले नाही. विजेचे यंत्र घेऊन ते वॉर्डावॉर्डांतून हिंडत. काहींनी त्यांची टिंगलही केली.

नेमकेपणा कसा साधला?

तेव्हा स्नायूत सुया खुपसून वीज देत. त्यात वेदना आणि जखम दोन्ही. ड्युशेन यांच्या लक्षात आले, की त्वचा आणि इलेक्ट्रोड कोरडे असतील तर विजेचा परिणाम त्वचेपुरताच राहतो. दोन्ही ओले केले, की ती आतल्या स्नायूपर्यंत पोहोचते. मग सुई कशाला? ओला इलेक्ट्रोड थोडा थोडा सरकवत त्यांनी अशा जागा हेरल्या, जिथे वीज देताच एकच स्नायू आकुंचन पावतो. १८५५ मध्ये त्यावर ग्रंथ आला. या जागा म्हणजे नस स्नायूत शिरते ते ठिकाण, हा उलगडा जर्मनीतील रॉबर्ट रेमाक यांनी केला. फिजिओथेरपिस्ट आजही हे ‘मोटर पॉइंट’ वापरतात.

चेहऱ्याची संवेदना गेलेल्या एका वृद्धावर त्यांनी एकेक स्नायू हलवून छायाचित्रे घेतली (अशा प्रयोगाला आज नैतिकता समिती सहजी परवानगी देणार नाही). खऱ्या हास्यात डोळ्याभोवतीचा स्नायूही आवळतो, हे त्यातूनच समजले. ती छायाचित्रे डार्विन यांनी १८७२च्या ग्रंथात वापरली. मुलांचे स्नायू क्षीण करणारा एक आजारही ड्युशेन यांच्याच नावाने ओळखला जातो. १८७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग आज अडते कुठे?

स्नायूंच्या जागा त्वचेवरून सापडतात. मानेतील व्हेगस नसेत मात्र सुमारे एक लाख तंतू एकत्र बांधलेले असतात; काही स्वरयंत्राकडे, काही हृदयाकडे, काही पोटाकडे जाणारे. अपस्मारासाठी या नसेच्या उद्दीपनाला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. पण नसेला गुंडाळलेला इलेक्ट्रोड स्वरयंत्राचे तंतूही चेतवतो आणि अनेक रुग्णांचा आवाज घोगरा होतो. म्हणून आता नसेभोवती अनेक सूक्ष्म इलेक्ट्रोड बसवून वीज एकाच जुडग्याकडे वळवण्याचे प्रयोग सुरू आहेत.