बॅटरी कोण खातंय? शोधायची पद्धत ओहमनं १८२६ मध्येच दाखवलीय

व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, हे शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय. पण हा नियम शोधणाऱ्या माणसाला आधी चुकीचं उत्तर मिळालं होतं, आणि त्याला फसवलं होतं बॅटरीनं! तुमच्या सेन्सर सर्किटची बॅटरी भराभर उतरत असेल, तर त्याची गोष्ट कामाची आहे.

गेऑर्ग ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी आजच्या जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. ते स्वतःच्या बळावर गणित शिकले आणि मुलांनाही त्यांनीच शिकवलं. ओहम दहा वर्षांचा असताना आई गेली. कॉलेज अर्धवट सोडून तो स्वित्झर्लंडमध्ये शिकवायला गेला, परत येऊन १८११ मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली. १८१७ पासून तो कोलोनच्या एका शाळेत गणित आणि फिजिक्स शिकवत होता. तिथं लॅब चांगली होती.

तारेची लांबी बदलली की करंट किती बदलतो, हे त्याला मोजायचं होतं. पण त्या काळचे सेल चालू असतानाच कमकुवत व्हायचे. त्यामुळे करंट तारेमुळे घटला की सेलमुळे, हेच कळेना. १८२५ मध्ये त्यानं छापलेलं सूत्र चुकीचं निघालं. मग पोगेनडॉर्फ या संपादकानं थर्मोकपल वापरायला सुचवलं. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमान स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर! २ इंचांपासून १३० इंचांपर्यंतच्या ८ तारा त्यानं एकेक करून जोडल्या आणि १८२६ मध्ये नियम हाती लागला.

सोर्स स्थिर ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मोजा. डीबगिंग म्हणजे दुसरं काय असतं?

माझंच उदाहरण घ्या. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला मी लेव्हल सेन्सर बसवलाय. वायफाय चिप डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे २५०० एमएएचचा सेल काही महिने तरी जायला हवा. तो दोन आठवड्यांतच गार!

मी सेल काढून फिक्स व्होल्टेजचा पॉवर सप्लाय लावला आणि वायरमध्ये १ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला. स्लीपमध्ये त्याच्यावर ७.२ मिलिव्होल्ट दिसले. ओहमच्या नियमानं करंट ७.२ मिलिअँपिअर. मग एकेक पार्ट बाजूला केला:

- तयार बोर्डावरचा पॉवर एलईडी: १.५ मिलिअँपिअर.
- डेटा लाइनचा ४.७ किलोओहमचा पुल-अप: स्लीपमध्ये लाइन लो राहत होती, म्हणून ३.३ भागिले ४७००, म्हणजे ०.७ मिलिअँपिअर.
- उरलेले ५ मिलिअँपिअर: बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर स्वतःच घेत होता.

२५०० भागिले ७.२ म्हणजे ३४७ तास, साधारण १४ दिवस. हिशोब बरोब्बर जुळला. आता एलईडी काढलाय, रेग्युलेटर कमी करंट घेणारा लावलाय, आणि पुल-अपला सप्लाय चिपच्या पिनवरून दिलाय, म्हणजे स्लीपमध्ये तोही बंद.

ओहमला मात्र एवढ्या लवकर फळ मिळालं नाही. १८२७ मध्ये बर्लिनमध्ये त्याचं पुस्तक आलं, पण जर्मनीत त्याचं थंडच स्वागत झालं. १८२८ मध्ये त्यानं कोलोनची नोकरी सोडली आणि काही वर्षं बर्लिनमध्ये शिकवून दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोपली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात प्रायोगिक फिजिक्सचा प्राध्यापक झाला १८५२ मध्ये, आणि ६ जुलै १८५४ ला तो गेलासुद्धा. रेझिस्टन्सच्या युनिटला दिलेलं त्याचं नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य झालं १८८१ च्या पॅरिस परिषदेत.

तर पुढच्या वेळी बॅटरी उतरली की लगेच कोड बदलत बसू नका. आधी एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर घ्या, करंट कुठं जातोय ते बघा.