एदुआर लुकास

फ्रांस्वा एदुआर आनातोल लुकास (जन्म : आमियें, फ्रान्स, ४ एप्रिल १८४२; मृत्यू : पॅरिस, ३ ऑक्टोबर १८९१) हे एक फ्रेंच गणितज्ञ होते. फ्रेंचमध्ये त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘ल्युका’ असा होतो. २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे, असे त्यांनी १८७६ मध्ये यंत्राच्या मदतीशिवाय दाखवले. ती संख्या अशी : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७.

जीवन

लुकास यांचे उच्च शिक्षण पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियर या संस्थेत झाले. त्यानंतर त्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी केली. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. युद्ध संपल्यावर त्यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला आणि पुढे पॅरिसमधील सेंट लुई व शार्लमान्य या विद्यालयांत गणित शिकवले. १८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून भांडी पडली आणि फुटलेल्या बशीचा तुकडा लागून लुकास यांच्या गालाला जखम झाली. ती चिघळून काही दिवसांतच, वयाच्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मूळ संख्यांची कसोटी

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये २ च्या कोणत्या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्या मिळते, याची यादी दिली होती. तीत ६७ व १२७ हे घातांक होते. परंतु पडताळणीचे साधन नव्हते. घातांक १२७ असता भागाकाराने खात्री करायची, तर २० अंकी संख्यांपर्यंतचे भाजक तपासावे लागले असते.

लुकास यांनी भागाकारांची ही रांगच टाळली. ३ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावेत आणि तपासावयाच्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यावी. उदाहरणार्थ, १२७ (२ चा ७ वा घात वजा १) या संख्येसाठी ३, ७, ४७, ४८, १६ अशी पदे मिळतात. १६ चा वर्ग वजा २ म्हणजे २५४. त्याला १२७ ने पूर्ण भाग जातो. सहाव्या पदाची बाकी शून्य आली, म्हणून १२७ मूळ आहे. ३९ अंकी संख्येसाठी हीच क्रिया १२५ वेळा करावी लागते.

घातांक ६७ ची संख्या मात्र संयुक्त असल्याचे त्यांनी १८७६ मध्येच दाखवले. तिचा एकही अवयव तेव्हा ज्ञात नव्हता. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव शोधले.

अन्य कार्य

फिबोनाची क्रमाला ते नाव लुकास यांनी रूढ केले. २, १, ३, ४, ७, ११ हा त्यासारखाच क्रम ‘लुकास संख्या’ म्हणून ओळखला जातो. १८८३ मध्ये त्यांनी टोपणनावाने ‘हनोईचा मनोरा’ हे खेळणे प्रसिद्ध केले. काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची कल्पित कथा याच खेळण्याशी जोडलेली आहे. त्या हलवण्यास किमान २ चा ६४ वा घात वजा १ इतक्या खेळ्या लागतात. म्हणजे येथेही संख्येचे तेच रूप आढळते.

वारसा

लुकास यांची ३९ अंकी संख्या १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे, सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या होती. डेरिक हेन्री लेमर यांनी १९३० मध्ये या कसोटीला सुटसुटीत रूप दिले. ‘लुकास-लेमर कसोटी’ या नावाने ती मेर्सेन मूळ संख्यांच्या पडताळणीसाठी आजही संगणकावर वापरली जाते.