राजवाड्यातून मठात



सर्बिया देशाच्या डोंगरात स्टुडेनिका नदीकाठी त्याच नावाचा एक पुरातन मठ आहे. तो आपल्या ऑर्थोडॉक्स बांधवांचा. तो बांधणाऱ्या स्टीफन नेमान्या राजाची ही जीवनकथा.

नेमान्याचा जन्म सुमारे १११३ साली झाला. जन्मगावी लॅटिन धर्मगुरू असल्याने त्याला प्रथम बाप्तिस्मा मिळाला तो आपल्या रोमन पद्धतीने. पुढे ऑर्थोडॉक्स पद्धतीनेही दिला गेला. एकदाच घ्यावयाच्या संस्काराची ही पुनरावृत्ती आम्हाला खटकते खरी. पण त्याच्या मठाकडे पाहिले की या दोन्ही परंपरा आठवतात. पवित्र मरियामातेच्या मंदिराच्या भिंती गुळगुळीत पांढऱ्या संगमरवराच्या, पश्चिमेकडील रोमन धाटणीच्या. मुख्य दारावर दोन देवदूतांच्या मध्ये बाळ येशूसह मरियामाता कोरली आहे. वर घुमट मात्र विटांचा, पूर्वेकडील बायझंटाईन पद्धतीचा.

धाकटा मुलगा रास्टको घरातून पळून ग्रीसमधील अथोस पर्वतावर गेला व सावा नावाने संन्यासी झाला. ११९६ साली बापानेही गादी सोडली. थोरल्या वुकानला डावलून त्याने ती मधल्या स्टीफनला दिली. हा स्टीफन बायझंटाईन सम्राटाचा जावई होता. राणी ॲना व्रतस्थ भगिनी झाली. राजा शिमोन नावाने आधी स्टुडेनिकात, मग अथोसवर मुलाजवळ राहिला. ११९८ साली बापलेकांनी तेथील हिलांदार हा ओसाड मठ पुन्हा उभा केला. पुढच्याच वर्षी, चटईवर पडून, उशाला दगड घेऊन शिमोनने प्राण सोडला.

इकडे भाऊ गादीसाठी भांडत होते. १२०२ साली वुकानने हंगेरीच्या मदतीने स्टीफनला हाकलले. दोनतीन वर्षांनी स्टीफन परतला. देश होरपळला. तेव्हा सावाने सुमारे १२०७ साली बापाचे अवशेष स्टुडेनिकात आणले. त्या शवपेटीपाशी भावांचा समेट झाला. जिवंतपणी केलेल्या वाटणीने जे बिघडवले, ते मेलेल्या बापाने सांधले! मग भिंतींवर चित्रे काढण्यात आली. त्यांपैकी निळ्या पार्श्वभूमीवरचा क्रुसावरील ख्रिस्त विशेष प्रसिद्ध आहे. १२१७ साली स्टीफनला राजमुकुट मिळाला तो पोप होनोरियस तिसरे यांच्याकडून.

शिमोनची कबर स्टुडेनिकातच आहे. हिलांदारमधील रिकाम्या कबरीतून एक द्राक्षवेल उगवली असे सांगतात. तिचे सुकवलेले मणी तेथील संन्यासी आजही अपत्य नसलेल्या जोडप्यांना देतात.