बॉबी जोन्स आणि सेंट अँड्र्यूजचें मैदान

शत्रूस जिंकणें सोपें, परंतु स्वतःस जिंकणें कठीण, हें आम्ही सर्वच जाणतों. खेळाच्या मैदानावर या सत्याचा जसा प्रत्यय येतो तसा अन्यत्र क्वचितच येतो. यासाठींच बॉबी जोन्सचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नांवाचें लहानसें नगर आहे. तेथील ‘ओल्ड कोर्स’ हें गोल्फचें मैदान जगप्रसिद्ध असूनही सार्वजनिक आहे. तेथें खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क १५५२ सालच्या सनदेनें मान्य झाला. काठीनें टोलवीत चेंडू अनुक्रमें अठरा खळग्यांत घालावयाचा, आणि ज्याचे टोले कमी तो विजयी, असा हा खेळ. परंतु समुद्रावरून क्षणोक्षणीं दिशा बदलणारा वारा, उंचसखल जमीन आणि दुरून न दिसणारे वाळूचे शंभरांहून अधिक खड्डे यांमुळें भलेभले तेथें हात टेकतात.

जोन्सचा जन्म अमेरिकेंतील अटलांटा शहरीं १७ मार्च १९०२ रोजीं झाला. लहानपणापासूनच तो या खेळांत निपुण होता; पण स्वभाव मोठा तापट. १९२१ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, ब्रिटिश ओपन स्पर्धेसाठीं तो सेंट अँड्र्यूज येथें आला. तिसऱ्या फेरींत एकामागून एक टोले वाया गेले, अकराव्या खळगीजवळ चेंडू वाळूंत रुतला, आणि संतापाच्या भरांत त्यानें चेंडू उचलून स्पर्धा सोडून दिली. या कृत्याची लाज त्यास जन्मभर वाटत राहिली.

मात्र लाज वाटून तो स्वस्थ बसला नाहीं. त्यानें स्वतःस वळण लाविलें. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत टोला मारण्याच्या तयारींत असतां चेंडू किंचित् हलला. दुसऱ्या कोणीं तें पाहिलें नव्हतें. तरी त्यानें आपण होऊन एक टोल्याचा दंड पत्करिला. अखेर बरोबरी झाली व पुढील निर्णायक खेळांत तो हरला. त्या एका टोल्यापायीं विजय हातचा गेला, पण सचोटी राहिली.

१९२७ सालीं त्याच सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर त्यानें २८५ टोल्यांत ब्रिटिश ओपन जिंकली. १९३० सालीं तेथेंच ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकून त्यानें त्या एका वर्षांत इंग्लंड-अमेरिकेच्या चारही प्रमुख स्पर्धांत विजय मिळविला. हें सर्व त्यानें द्रव्यासाठीं न खेळतां साधिलें. अभियांत्रिकी, वाङ्मय व कायदा यांचा अभ्यास करून तो वकिली करीत असे. कीर्तीच्या शिखरावर असतां, अठ्ठाविसाव्या वर्षींच, तो स्पर्धांतून निवृत्त झाला.

पुढें मज्जारज्जूच्या व्याधीनें त्याचे पाय निकामी होत गेले. १९५८ सालीं सेंट अँड्र्यूजनें त्यास नगराचें सन्माननीय नागरिकत्व अर्पण केलें. हा मान त्यापूर्वीं १७५९ सालीं बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकनास मिळाला होता. १८ डिसेंबर १९७१ रोजीं जोन्स निवर्तला. ज्या मैदानावरून तो एकदां रागानें निघून गेला, त्याच मैदानाची दहावी खळगी आज त्याचें नांव धारण करिते.

विद्यार्थिबंधूंनो, पराभव कोणास चुकला आहे? परंतु पराभवानंतर मनुष्य स्वतःस कसा घडवितो, यावरच त्याची योग्यता ठरते, हेंच या चरित्रापासून आम्ही शिकावें.