पानावर मांडलेले गाणे : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

प्रस्तावना

संगीताला वाहिलेले एखादे नियतकालिक उघडले की आपली नजर प्रथम कोठे जाते? बहुधा समोरासमोरची दोन पाने व्यापणाऱ्या छायाचित्राकडे. गायकाचा वर उचललेला हात, मागची गडद पार्श्वभूमी, ठळक रंगातील शीर्षक आणि भोवतीची मोकळी जागा यांमुळे मजकूर वाचण्यापूर्वीच त्या गायकाविषयीचे आपले मत घडू लागते. मांडणी, रंग आणि छायाचित्र ही पानाची भाषाच असते. मात्र या भाषेने कलावंत दिसतो. त्याचे गाणे दिसते का?

आपण वसई-विरार परिसरात राहत असाल, तर या प्रश्नाचे उत्तर जवळच सापडेल. चर्चच्या गायनवृंदापुढे पाच रेषांवर टिंबे मांडलेली पाश्चात्त्य स्वरलिपी असू शकते. गंधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका किंवा मध्यमा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलीच्या वहीत मात्र देवनागरीतील सा, रे, ग ही अक्षरे आणि त्यांच्या वर-खाली बारीक खुणा दिसतील. त्या वहीतील मांडणीमागे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे आयुष्य उभे आहे. या घटकात आपण त्यांच्या चरित्राचा विचार एका मर्यादित अंगाने करणार आहोत. गाणे कागदावर आणण्यासाठी त्यांनी काय केले आणि त्यासाठी त्यांना काय मोजावे लागले, हे आपल्याला पाहायचे आहे.

जडणघडण

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. त्यामुळे गाणे घरातच होते. बालपणी फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अधू झाली आणि शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला. ज्याला अक्षर वाचणे कष्टाचे, त्याने कानाची विद्या घ्यावी, या विचाराने त्यांना मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे धाडण्यात आले. हाच मुलगा पुढे छापील अक्षराच्या मागे लागला, ही या चरित्रातील सर्वांत विलक्षण बाब आहे.

मिरजेतील शिक्षण ग्वाल्हेर परंपरेचे आणि पूर्णतः मौखिक होते. गुरूने म्हणावे, शिष्याने तसेच म्हणावे. चीज मिळणे हे गुरूच्या मर्जीवर अवलंबून असे आणि त्यासाठी वर्षानुवर्षे सेवा करावी लागे. तथापि, खुद्द बाळकृष्णबुवांनी मुंबईत असताना संगीतदर्पण नावाचे मासिक काही काळ चालवले होते. म्हणजे मुद्रणाचे बीज गुरूच्या घरातही होते, असे म्हणता येईल.

लाहोर आणि संगीत अमृत प्रवाह

1896 मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले आणि 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गंधर्व महाविद्यालय स्थापन केले. दरबाराच्या आश्रयावर नव्हे, तर जनतेच्या आधारावर चालणारी ही संस्था होती. येथे एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. एका गुरूसमोर दोन शिष्य असतात. वर्गात मात्र अनेक विद्यार्थी असतात, आणि वर्गाबाहेर त्याहून कितीतरी अधिक. त्यांच्यापर्यंत गाणे कसे न्यावे? या गरजेतून पाठ्यपुस्तके, स्वरलिपी आणि संगीत अमृत प्रवाह हे मासिक निर्माण झाले.

त्यांच्या स्वरलिपीची आज रुळलेली रूपे नीट पाहा. अक्षराच्या डोक्यावर बिंदू असेल, तर तो स्वर मंद्र सप्तकातील. उभी रेघ असेल, तर तार सप्तकातील. पाय मोडलेले अक्षर कोमल स्वराचे. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे एक मात्रा, शून्य म्हणजे अर्धी मात्रा. सम 1 या आकड्याने आणि खाली अधिक चिन्हाने दाखवली जाते. शिवाय स्वरांखाली चिजेचे शब्दही यायला हवेत. एका स्वराभोवती अशी तीन-चार मजल्यांची रचना उभी राहते.

आता छापखान्यातील जुळाऱ्याचा विचार करा. शिशाचा एकेक खिळा उचलून त्याला ही उतरंड रचायची असे. लेखातील एखादा खिळा चुकला तर शब्द अशुद्ध होतो. वाचक तो मनाने दुरुस्त करून घेतो. स्वरलिपीतील खूण एक घर सरकली तर सम चुकते, आणि नवशिक्याला ती चूक कळतही नाही. म्हणून येथे मांडणी ही सजावट राहत नाही; तीच शिक्षक होते. विशेष म्हणजे या सर्वासाठी केवळ एक काळी शाई पुरे. स्वराची उंची, त्याचा काळ आणि तालातील त्याचे स्थान हे सारे रंगाशिवाय डोळ्यांना कळते.

मुंबई, कर्ज आणि अखेर

1908 मध्ये मुंबईत गंधर्व महाविद्यालय सुरू झाले. पुढे सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. मात्र ती कर्जावर उभी होती. मैफलींतून मिळालेले द्रव्य विद्यार्थ्यांचा निर्वाह, ग्रंथ आणि मुद्रण यांत खर्ची पडत राहिले. कर्ज फिटले नाही आणि इमारत लिलावात गेली. विष्णु दिगंबर नाशिकला रामनामाच्या आधाराने राहू लागले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीविषयीचा आक्षेपही आपण लक्षात घ्यावा. खुणांची संख्या मोठी असल्याने पान वाचणे अवघड होते. समकालीन पं. विष्णु नारायण भातखंडे यांची स्वरलिपी तुलनेने सुटसुटीत ठरली आणि अधिक पसरली. त्याहून खोल आक्षेप असा, की मींड, आंदोलन, स्वराचा लगाव या गोष्टी कोणत्याही पानावर मावत नाहीत. हा आक्षेप खरा आहे. पण विष्णु दिगंबरांनी गुरूला हटवून त्याच्या जागी पान बसवले नाही. पं. ओंकारनाथ ठाकूर, पं. विनायकराव पटवर्धन, पं. नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर हे शिष्य त्यांनी समोर बसवूनच घडवले. ज्यांना गुरूसमोर बसणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी पान होते.

समारोप

त्यांच्या निधनानंतर 1931 मध्येच शिष्यांनी गंधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि 1947 पासून प्रा. देवधरांच्या पुढाकाराने संगीत कला विहार हे मासिक निघू लागले. 1973 मध्ये विष्णु दिगंबरांचे चित्र टपाल तिकिटावर आले. त्यांचा चेहरा असा घरोघरी गेला. त्यांनी जुळवलेले पान मात्र त्याआधीच वह्यांतून पोहोचले होते. आजच्या नियतकालिकातील देखणे छायाचित्र आपल्याला गायकाकडे बोलावते. विष्णु दिगंबरांचे काळेपांढरे पान आपल्याला गायला बोलावत होते. इमारत लिलावात निघाली. ही मांडणी निघाली नाही.

स्वाध्याय

1. अधू दृष्टी आणि मुद्रणाचा ध्यास यांतील विरोध विष्णु दिगंबरांच्या चरित्रातून स्पष्ट करा.
2. स्वरलिपीच्या पानावर मांडणी शिक्षकाचे काम कसे करते, ते उदाहरणांसह लिहा.
3. आपल्या परिसरातील ग्रंथालयात जाऊन एखाद्या नियतकालिकातील संगीतविषयक लेख पाहा. त्यातील छायाचित्र, रंग व मोकळी जागा झाकून केवळ मजकूर वाचा. काय उणे झाले आणि काय उरले, याची नोंद दहा ओळींत करा.