पोटातला जॉइंट

एसईच्या सबमिशनची धामधूम चालू होती आणि घरून फोन आला. मामाच्या जठरात कॅन्सरची गाठ निघाली होती. तसाच हॉस्पिटल गाठलं. सर्जननी कागदावर जठराची पिशवी काढली, खालच्या अर्ध्यावर काट मारली आणि उरलेली पिशवी थेट लहान आतड्याला जोडली. याला बिलरॉथ टू म्हणतात, म्हणाले. मी मेकॅनिकलचा, मला ते पाइपिंगचं ड्रॉइंगच वाटलं. पण हा बिलरॉथ कोण?

थिओडोर बिलरॉथ. जन्म १८२९, बाल्टिक समुद्रातल्या र्‍यूगेन बेटावर. पाचव्या वर्षी वडील गेले. गड्याचा जीव संगीतात, पण घरच्यांनी मेडिकलला घातलं. (आपल्यातले कितीजण इथं असेच आलेत, ते सांगायला नको!) १८६७ ला व्हिएन्नात प्रोफेसर झाला.

जठराचा तुकडा काढायचं धाडस त्याच्याआधी दोघांनी केलं होतं. १८७९ ला पॅरिसच्या पेआँनं, १८८० ला पोलिश सर्जन रिडिगियरनं. दोन्ही पेशंट दगावले. इकडे बिलरॉथच्या असिस्टंटांनी जठराचा सांधा धरतो की नाही, हे आधी कुत्र्यांवर करून पाहिलं होतं.

२९ जानेवारी १८८१. ४३ वर्षांची बाई. जठराचं खालचं तोंड गाठीनं बंद झालेलं, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं. क्लोरोफॉर्म देऊन सुमारे दीड तासात गाठीचा भाग काढला. पुढची अडचण आपल्या ओळखीची आहे. जठराचं तोंड रुंद, आतडं अरुंद. त्यानं रुंद तोंड थोडं शिवून लहान केलं आणि मग आतडं रेशमी टाक्यांनी जोडलं. आपण रिड्यूसर लावतो, तसंच की! ना अँटिबायोटिक, ना रक्ताची बाटली. बाई जेवायला लागली, घरी गेली. चारेक महिन्यांनी वारली, कारण कॅन्सर आधीच पसरला होता. शवविच्छेदनात सांधा मात्र नीट भरलेला निघाला.

मामाची ती दुसरी पद्धत १८८५ ची.

मला हा माणूस आवडला तो वेगळ्याच कारणानं. आपल्या ऑपरेशनांचे निकाल तो दगावलेल्या पेशंटांसकट छापायचा. जर्नलमध्ये रीडिंग ‘जुळवणाऱ्या’ आम्हा मंडळींना हे झोंबण्यासारखं आहे. संगीत शेवटपर्यंत सुटलं नाही. संगीतकार ब्राम्स त्याचा जिगरी दोस्त, दोन क्वार्टेट त्यानं बिलरॉथलाच अर्पण केलीत. १८९४ मध्ये बिलरॉथ गेला.

मामाचं ऑपरेशन चार तास चाललं. आता दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातो आणि मामी मोजून वाढते म्हणून कुरकुरतो. परवा त्याला ही सगळी गोष्ट सांगितली. त्यानं पहिलं विचारलं, ती बाई घरी जाऊन काय जेवली असेल रे?