डॉ. अकासिओ व्हिएगस : साथीची पहिली खबर देणारे डॉक्टर

 डॉ. व्हिएगस यांचा जन्म गोव्यातला आणि सगळं काम मुंबईतलं. मग जुन्नर-आंबेगावच्या मुलांनी त्यांच्याविषयी का वाचायचं? कारण आपल्याकडच्या कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत असतो. कुणाचे काका डबेवाले, कुणाचे मामा मार्केटला. डबे पोहोचवण्याचं काम १८९० च्या सुमारास मुंबईत सुरू झालं आणि मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातल्या माणसांनी ते वाढवलं. मुंबईत रोग आला की त्याची धास्ती घाटावरच्या गावात पोहोचायला वेळ लागत नाही. हे तेव्हाही होतं आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुम्ही नाही तर तुमच्या दादा-ताईंनी पाहिलंच आहे.

अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी बार्देश तालुक्यातील हडफडे या गावी झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये पूर्ण केलं आणि मांडवी भागात दवाखाना थाटला. मांडवी म्हणजे गोदीजवळची वस्ती. धान्याची मोठमोठी गोदामं, अरुंद गल्ल्या, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं आणि अर्थात उंदीर. १८८८ मध्ये ते मुंबई महापालिकेवर निवडून गेले. रोग ओळखता येणारा माणूस आणि तो जिथे सांगायचा त्या सभागृहात बसणारा माणूस एकच होता. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

१८९६ चा सप्टेंबर महिना. मांडवीत त्यांच्याकडे सणकून ताप आलेले रुग्ण येऊ लागले. जांघेत नाही तर काखेत गाठ, आणि काही दिवसांत मृत्यू. दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला प्लेगची साथ आली होती आणि तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधला होता. मुंबईच्या बंदरात जगभरची जहाजं येत. व्हिएगस यांनी दोन्हींचा मेळ घातला आणि हा गाठींचा प्लेग आहे असं महापालिकेच्या स्थायी समितीसमोर सांगून टाकलं.

हे सांगणं सोपं नव्हतं बरं का! प्लेग हा शब्द नुसता उच्चारला तरी बंदराचा व्यापार बसणार, परदेशात मुंबईची जहाजं अडवली जाणार, शहरात पळापळ होणार. म्हणून अधिकारी सुरुवातीला सावध भाषा वापरत होते, संशयास्पद ताप म्हणत होते. व्हिएगस यांचं निदान चुकलं असतं तर त्यांची डॉक्टरकी तिथेच संपली असती. पण सगळ्यांची खात्री पटेपर्यंत ते गप्प बसले नाहीत. पुढे तपासण्या झाल्या, निदान बरोबर ठरलं. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली.

खबर मिळाली, पण त्या खबरेचं सरकारने काय केलं? ऑक्टोबर १८९६ मध्ये हुकूम निघाला : ज्याला प्लेग झाल्याचा संशय असेल त्याला गरज पडल्यास जबरदस्तीने इस्पितळात न्यायचं. घरच्यांना वाटे, नेलेला माणूस परत येत नाही. मग लोक रुग्ण लपवू लागले. मृत्यूचं कारण भलतंच लिहिलं जाऊ लागलं. त्या काळात शहरात नेहमीपेक्षा जितकी जास्त माणसं मेली, त्यापेक्षा प्लेगच्या नावावर नोंदलेले मृत्यू बरेच कमी होते. ऑक्टोबरच्या अखेरीला तर सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. मग हुकूम सौम्य करावा लागला. शहर तर रिकामं होत चाललं होतं. लाखो माणसं गाठोडी बांधून गावाकडे निघाली.

गावात रोग पोहोचला तर तो कळवायचा कुणी? पाटलाने. तेही मामलेदाराला, कागदावर, माणूस धाडून. यात वेळ जाई. पुण्यात १८९७ च्या सुरुवातीला साथीने थैमान घातलं. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा झाला होता. त्याच्या आधारे पुण्यात गोऱ्या सैनिकांनी जी घरझडती घेतली, तिचा संताप किती होता हे रँडच्या खुनाच्या धड्यात तुम्ही वाचलं आहेच.

आज हे कळवण्याचं काम संगणकावर होतं. २००४ मध्ये देशात एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा आठवड्याला कागदी फॉर्म भरून वर पाठवत. एप्रिल २०२१ पासून ही नोंद आयएचआयपी या पोर्टलवर रोजच्या रोज होऊ लागली. तिचे तीन फॉर्म असतात. उपकेंद्रातली सिस्टर लक्षणं पाहून भरते तो एस फॉर्म, डॉक्टर संशयित निदान लिहितात तो पी, आणि लॅबची खात्री झाली की एल. एकाच वाडीतून तापाचे किंवा जुलाबाचे रुग्ण एकदम वाढले तर पुण्यात बसलेल्या पथकाला ते दिसतं. भीमाशंकरच्या बाजूला, आहुपे खोऱ्यात पावसाळ्यात रेंज जाते-येते हे खरं आहे. पण मला त्याहून मोठी अडचण दुसरी वाटते. सिस्टर घरी आली आणि आजीचा ताप आपण सांगितलाच नाही, तर तिच्या मोबाईलमध्ये तो येणार कुठून? आणि सांगितल्यावर गावाने त्या घराकडे पाठ फिरवली तर पुढचं घर कशाला सांगेल?

व्हिएगस खबर देऊन मोकळे झाले नाहीत. त्यांनी वस्त्यांची सफाई आणि उंदरांचा नायनाट यासाठी आवाज उठवला. सुमारे १८,००० लोकांना लस टोचण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. लोक सुईला घाबरत होते अशा काळात हा आकडा लहान नाही. गंमत पाहा, प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे सिमाँ या शास्त्रज्ञाने दाखवलं १८९८ मध्ये. त्याच्या आधीपासून व्हिएगस उंदरांच्या मागे लागले होते.

१९०६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचं निधन झालं. मुंबईत धोबी तलावाला, मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलात तर बघून या, आणि खालची पाटी वहीत उतरवून आणा.